खर्चात कपाट

देवयानीचं केळवण करायचं असं श्यामलाआत्यानं जाहीर केलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला. नवरा कोण?

नवरा नव्हता, मतदारसंघ होता. २००८च्या सप्टेंबरातल्या त्या रविवारी दुपारी दोन वाजता कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये विरोधी पक्ष पार्लमेंटसाठी आपला उमेदवार निवडणार होता, आणि शेवटच्या तिघांत देवयानी होती. सभा खुली होती. पक्षाचा सभासद असो नसो, त्या मतदारसंघात राहणाऱ्या कुणालाही यायची, ऐकायची आणि मत द्यायची मुभा होती.

"चौतीस वर्षांची घोडी झाली," आत्यानं फोनवर धाकट्या भावाला, म्हणजे देवयानीच्या वडिलांना ऐकवलं होतं. "रघुवीर, लग्नाच्या केळवणाची वाट बघत बसले तर आधी माझंच तेरावं व्हायचं. मुलगी घर सोडून निघाली की केळवण करतात ना? ही वेस्टमिन्स्टरला निघालीय. शनिवारी साडेबाराला जेवायला ये, आणि येताना तोंड वाकडं करून येऊ नकोस."

रघुवीर तोंड वाकडं करूनच आला. एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात फिटर, त्यातली चौदा युनियनचा प्रतिनिधी. आज सत्तेवर असलेल्या पक्षाला त्यानं तो सत्तेत नसतानाही कधी सोडलं नव्हतं. पोटच्या मुलीनं समोरच्या पक्षाचं तिकीट मागावं हे त्याला ती न सांगता पळून गेली असती त्याहूनही जास्त लागलं होतं. निदान जावयाशी पुढेमागे बोलता तरी आलं असतं.

आत्या सकाळी सहापासून स्वयंपाकघरात होती. श्रीखंडासाठी ग्रीक योगर्ट आदल्या दिवशीच फडक्यात बांधून टांगलं होतं. अळूची पानं फोल्सहिल रोडवरच्या दुकानातून आणली होती. पौंडाला पाच मिळणारी पानं आता तीनच मिळतात, हेही भाषणात घाल म्हणून तिनं देवयानीला बजावलं होतं. हात सवयीनं चालत होते. सव्वीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये दीडदीडशे पोरांचं जेवण रांधलेले हात होते ते. पण जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याचं कारण एक कपाट होतं.

निवृत्त झाल्यावर आत्यानं म्हाताऱ्यांसाठी जेवणाचा क्लब काढला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाड्याच्या हॉलमध्ये चाळीस माणसं जेवायची. मराठी, गुजराती, पंजाबी, आणि वरणभातावर जीव असलेल्या दोन आयरिश विधवा. गोल्डन इयर्स फंड नावाच्या एका सरकारी निधीतून क्लबला दर वर्षी ठरावीक रक्कम यायची. ती मार्च संपेपर्यंत संपवावी लागे. उरलेला पैसा परत जायचा, आणि पुढच्या वर्षी तेवढी रक्कम कापली जायची. तुम्हाला लागत नाही असं दिसतंय, असं फंडातली बाई फोनवर अगदी गोड आवाजात सांगायची. म्हणून या मार्चमध्ये आत्यानं अकराशे ऐंशी पौंडांचं एक भलंमोठं स्टीलचं कपाट घेतलं. क्लबला त्याची काडीचीही गरज नव्हती. हे तिला विकत घेताना माहीत होतं आणि आत्ता अळूवड्या उलटतानाही माहीत होतं.

आणि गेल्याच महिन्यात देवयानी लोकल रेडिओवर म्हणाली होती की सरकारी निधींच्या खर्चाच्या याद्या तिनं कायद्यानं मागवून घेतल्या आहेत आणि त्यातली एकेक ओळ ती वाचणार आहे. मुलीचा शब्द पक्का असतो हे आत्याला ठाऊक होतं, कारण नऊ वर्षांची आईवेगळी पोर तिनंच वाढवली होती. ती ओळ सापडली तर क्लबचे पैसे जाणार, आणि दुसऱ्या कुणाला सापडली तर देवयानीचं तिकीट जाणार. आत्यानं सहा महिन्यांत हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

देवयानी आली ती बगलेत पिवळी फाईल मारूनच.

"आत्या, किती छान वास येतेय!" तिनं आत्याच्या गालाला गाल लावला. व्याकरणाचं आणि देवयानीचं कधीच फारसं जमलं नव्हतं, पण शनिवारची मराठी शाळा पाचव्या आठवड्यात सोडलेल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करणार?

"फाईल तिकडे ठेव, जिन्यावर," आत्या म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर सरकार नको."

टेबलावर सरकार यायला अर्थात पहिली पुरीही लागली नाही. ताटाभोवती रांगोळी होती. देवयानीच्या कपाळाला मीनलनं, म्हणजे तिच्या वहिनीनं, हसतहसत मुंडावळ्या बांधल्या होत्या, आणि त्या डोळ्यांवरून बाजूला सारत देवयानी बापाशी भांडत होती.

"बाबा, कमी पगाराला पौंडामागे दहा पेन्सचाच टॅक्स होता, तो बँड कुणी बंद केला? तुमच्या सरकारनं. आत्याच्या क्लबात ताटं घासायला येते ती सुचेतामावशी पहाटे पाचला उठून ऑफिसं साफ करते. तिचा टॅक्स वाढला. मी फार्मसिस्ट, मला बरा पगार, माझा टॅक्स कमी झाला! ही कुठली न्याय आहे?"

"हा कुठला," मीनल हळूच म्हणाली.

"हा कुठला न्याय आहे?"

"नंतर भरपाई दिली ना," अवधूत म्हणाला. हा देवयानीचा मोठा भाऊ. हॉस्पिटलात मॅनेजर होता आणि सरकारी खर्च हा शब्द ऐकला की आपल्या नोकरीवर हात ठेवून बसायचा.

"लोक ओरडले म्हणून दिली, दादा. आणि सगळ्यांना पूर्ण नाही दिली. पेट्रोल बघ. लिटरमागे साठ पेन्सच्या वर नुसता टॅक्स. ब्रेड वाढला, गॅसचं बिल वाढलं. माझ्या काउंटरवर लोक तीन प्रिस्क्रिप्शन्स ठेवतात आणि विचारतात, यातली कुठली सोडली तर चालेल? एकेक सात पौंड दहा पेन्स आहे. मी काय सांगू त्यांना?"

"आणि तुझा पक्ष आला की ब्रेड स्वस्त होणार होय?" रघुवीरनं कोशिंबीर बाजूला सारली. "आम्ही टॅक्स भरला म्हणून तू युनिव्हर्सिटीत फुकट शिकलीस. तुझी आई तीन महिने हॉस्पिटलात होती, एक पेनी कुणी मागितली नाही. टॅक्सला नावं ठेवताना जरा तेही आठव."

मेलेल्या बायकोला रघुवीर वादात सहसा आणत नसे.

"आठवतं, बाबा," देवयानी म्हणाली. आवाज खाली आला, पण माघार त्यात नव्हती. "म्हणूनच राग येतो. तुम्ही ओव्हरटाइम करून तो टॅक्स भरला. त्याचं हे सरकार सगळ्यांसाठी ओळखपत्र बनवतं, कन्सल्टंटला देतं. हॉस्पिटलला नको म्हणत नाही मी. जो पैसा हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, तो कुठे जातो ते विचारते. तुम्ही युनियनमध्ये हेच विचारायचात ना मॅनेजमेंटला?"

रघुवीरनं पुढची पुरी स्वतःहून मागून घेतली. आपला भाऊ हरला की त्याची भूक वाढते, हे आत्याला पन्नास वर्षं माहीत होतं. तिला पोरीचा इतका अभिमान वाटला की क्षणभर ती कपाटही विसरली.

"चला, आता नाव घ्यायचं," मीनल म्हणाली. ती पुण्याची, लग्न होऊन इथे येऊन चार वर्षं झालेली, आणि असल्या बाबतीत कुणाचं ऐकणारी नव्हती. "केळवण आहे, उखाणा हवाच."

"नवऱ्याशिवाय?" अवधूत म्हणाला.

"कॉव्हेंट्रीचं नाव घेईल. मी शब्द टेक्स्ट केलेत तिला, पाठ करून आलीय."

देवयानी उठली, मुंडावळ्या सावरल्या आणि सभेत उभं राहावं तशी ताठ उभी राहिली. रोमन लिपीतल्या टेक्स्टवरून घोकलेला उखाणा तिनं खणखणीत म्हटला.

"पेट्रोल महाग, ब्रेड महाग, बिलांची काळजी दिवसरात,
कॉव्हेंट्रीचं नाव घेते, सरकारी खर्चात करा कपाट!"

रघुवीरच्या हातातला पेला हिंदकळला. "कपाट करा! सुतार झाली का ही?" महिनाभरात पहिल्यांदाच तो मोकळा हसला. अवधूतनं टेबलावर थाप मारली. मीनलनं तोंडाला रुमाल लावला.

आत्याच्या हातातला श्रीखंडाचा चमचा मात्र रांगोळीवर पडला.

"कपाटाचं तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"मीनलवहिनीनं," देवयानी निरागसपणे म्हणाली. "काल टेक्स्ट केलं."

"मीनल? तू?"

"हो आत्या, मीच सांगितलं." मीनलला कळेना, आत्यांचा चेहरा असा का उतरला. "चुकलं का काही?"

"आणि तुला कोण म्हणालं? सुचेता? तरी तिला म्हटलं होतं, बाई, बाहेर बोलू नकोस." आत्या खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली. "घेतलं! घेतलं मी कपाट. अकराशे ऐंशी पौंडांचं. गरज नव्हती तरी घेतलं. पण त्यातली एक पेनी जरी माझ्या पर्समध्ये गेली असेल ना, तर देवाशपथ... तुला विचारायचं होतं तर सरळ विचारायचंस, देवयानी. केळवणाला बसून, माझ्याच हातचं खाऊन, असं चारचौघांत?"

कुणालाच काही समजेना. हसणं जिथल्या तिथे थांबलं.

"आत्या," अवधूतनं सावकाश विचारलं, "कुठलं कपाट?"

"अहो आत्या, कपात! क, पा, त!" मीनलच्या डोक्यात आता प्रकाश पडला होता. "खर्चात कपात. मी रोमनमध्ये लिहिलं, तिनं शेवटचा त ट वाचला. दिवसरातशी कपाट कसं जुळेल? यमक तरी बघा!"

आत्यानं यमक बघितलं. पण आता बघून उपयोग नव्हता. चौघं तिच्याकडे बघत होते.

मग तिनं सगळं सांगितलं. फंड, मार्च, गोड आवाजाची बाई, स्टीलचं कपाट. सांगताना तिला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. तिचं बोलणं संपल्यावर देवयानी जिन्यावरून पिवळी फाईल घेऊन आली, पानं उलटत एका ठिकाणी थांबली आणि फाईल आत्यापुढे ठेवली.

यादीत नावं नव्हती, नुसते नंबर होते. एका ओळीवर देवयानीनं पिवळी रेघ मारली होती. लंच क्लब, फर्निचर, अकराशे ऐंशी. शेजारी तिच्याच हस्ताक्षरात होतं: रविवारी वापरायचं.

"मला माहीत नव्हतं," देवयानी म्हणाली. "मी हे उद्या स्टेजवरून वाचणार होते. वेस्टचं, उधळपट्टीचं उदाहरण म्हणून."

"आता नाही वाचायचं," अवधूत म्हणाला. "संपलं. फाडून टाक ते पान."

"फाडूच," रघुवीर म्हणाला. गेला महिनाभर ज्या भाषणाला तो शिव्या घालत होता, त्याची त्याला आता काळजी लागली होती. "दुसरं उदाहरण घे. ते ओळखपत्राचं घे."

"म्हणजे सगळ्यांच्या आत्यांचं वाचायचं आणि आपल्या आत्याचं तेवढं लपवायचं?" मीनल म्हणाली. "बाबा, उद्या दुसऱ्या कुणी ही यादी मागवली तर?"

"तू गप्प बस गं. पेपरात नाव आलं तर क्लब बंद पडेल. ताईनं अकरा वर्षं चालवलाय तो."

कालपर्यंत मुलीच्या विरुद्ध असलेला बाप आणि भाऊ आता तिला वाचवायला निघाले होते, आणि तिच्या बाजूची वहिनी तिच्यावर उलटली होती. आत्याला हे सगळं दिसत होतं. आपल्या नावानं चाललेली ही वाटाघाट तिला मुळीच आवडली नाही. चोर ठरवलेलं एक वेळ चाललं असतं, पण आपल्याला झाकून ठेवायची ही घाई तिला झोंबली.

"गाडी काढ, रघुवीर," ती म्हणाली. "हॉलवर जायचंय. आत्ता. श्रीखंड आल्यावर खा."

हॉल पाच मिनिटांवर होता. दुपारचं ऊन खिडक्यांतून रिकाम्या टेबलांवर आलं होतं. भिंतीला लागून ते कपाट उभं होतं, करड्या रंगाचं, दोन माणसं आत मावतील एवढं. आत्यानं पर्समधून चावी काढून दार उघडलं.

आत ताटं नव्हती, भांडी नव्हती. खालच्या खणात दोन लॅमिनेटर होते, खोक्यातून न काढलेले. मधल्या खणात प्रोजेक्टरचा पडदा. आणि वरच्या खणात चाळीस पेडोमीटर.

"हे काय?" रघुवीरनं एक हातात घेऊन बघितलं.

"पावलं मोजायचं यंत्र. गेल्या वर्षीचा मार्च." आत्यानं बोट दाखवलं. "लॅमिनेटर, त्याच्या आधीच्या वर्षी. चाळीस म्हातारे, त्यातले सोळा काठी घेऊन चालतात, आणि पावलं मोजायला चाळीस यंत्रं. ठेवायला जागा नाही म्हणून यंदा कपाट."

देवयानीला हसू फुटलं. मग ते गेलं. "आत्या, तू असली बाई नाहीस. तू चहाची पिशवी दोनदा वापरतेस."

"इकडे ये." आत्या तिला मागच्या किचनमध्ये घेऊन गेली. "नळ सोड."

देवयानीनं गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्याखाली हात धरला. बराच वेळ धरला. पाणी गार ते गारच.

"वरचा हीटर जानेवारीपासून बंद आहे," आत्या म्हणाली. "दुरुस्तीला तीनशे पौंड सांगितले. फंडात दुरुस्ती बसत नाही. फर्निचर बसतं, इक्विपमेंट बसतं, दुरुस्ती नाही. सुचेता किटलीनं पाणी तापवून चाळीस ताटं घासते. मी फंडातल्या बाईंना म्हटलं, अहो, अकराशेचं कपाट नको, मला तीनशेची दुरुस्ती द्या, उरलेले आठशे परत घ्या. तर म्हणाल्या, मग पुढच्या वर्षी आठशे कमी येतील. पुढच्या वर्षी हॉलचं भाडं कोण भरणार होतं? तू?"

रघुवीर सिंकजवळ मान वर करून हीटर बघत होता. "माझं अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लावायचा नाही. सर्टिफिकेटवाला माणूस लागतो."

"कारखान्यात असं कुणी मला सांगितलं असतं ना..." त्याचे कान लाल झाले होते. आत्याला वाटलं, हा माणूस पंधरा मिनिटांत पक्ष बदलणार नाही, पण याला चांगलाच राग आलाय, आणि तो राग आज पहिल्यांदाच मुलीवर नाहीये.

देवयानीनं हात पुसले. फाईल उघडली, पिवळ्या रेघेवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर आत्याच्या ओळखीचा भाव आला होता. नऊ वर्षांची असताना गणिताचं उत्तर सापडलं की यायचा तो.

"मी चुकीची ओळ वाचत होते," ती म्हणाली. "यादीत हीटर नाहीच. जे घेतलं नाही ते यादीत दिसत नाही. उद्या मी हे सांगणार. जे वाचवतात त्यांना शिक्षा, जे उडवतात त्यांना बक्षीस, अशी नियम असेल तर—"

"असा नियम."

"असा नियम असेल तर कितीही टॅक्स घ्या, पुरणार नाही. आधी तो बदला. वाचवलेला पैसा अर्धा क्लबला ठेवू दे, अर्धा परत घ्या. क्लब खूश, टॅक्स भरणारा खूश. आत्या, मी सांगेन, एका क्लबमध्ये असं झालं. तुझं नाव नाही घेणार."

"का?"

"का म्हणजे? उगाच तुला त्रास."

"नाव न घेता सांगितलंस की लोकांना वाटणार, तूच रचलंस. सगळे पुढारी सांगतात ना, एक गरीब बाई भेटली, एक म्हातारी भेटली. कोण बाई, कुठली म्हातारी, कुणी बघितली?" आत्यानं कपाटाचं दार लावलं. "केळवणाला उखाण्यात काय करतात? नाव घेतात. कॉव्हेंट्रीचं घेतलंस. आता माझं घे."

"ताई, क्लब जाईल," रघुवीर म्हणाला.

"गेला तर माझ्या नावानं जाऊ दे. नंबरानं नाही."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये अडीचशेच्या आसपास माणसं होती. आत्या तिसऱ्या रांगेत, जांभळ्या नारायणपेठीवर कार्डिगन घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मतदारसंघ तिचाही होता आणि रघुवीरचाही, त्यामुळे दारात दोघांनाही मतपत्रिका मिळाल्या होत्या. रघुवीर सर्वांत मागे दाराजवळ उभा होता. बसलो तर त्यांच्यातला झालो, असं त्याचं म्हणणं.

पहिले दोन उमेदवार चांगले बोलले. एक बाई वकील होती, दुसरे गृहस्थ बँकेतले. दोघांनीही टॅक्स कमी करू म्हटलं, दोघांनीही उधळपट्टी थांबवू म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी फणसळकर या आडनावाशी तीनदा झटापट केली आणि देवयानी उठली.

इंग्रजीत ती वेगळीच होती. तिथे तिला शब्द शोधावे लागत नव्हते. पेट्रोल, ब्रेड, सात पौंड दहा पेन्स, सगळं तिनं भराभर सांगितलं. मग ती थांबली.

"गेल्या आठवड्यात मी एका यादीतल्या एका ओळीवर पिवळी रेघ मारली," ती म्हणाली. "एका लंच क्लबनं अकराशे ऐंशी पौंडांचं नको असलेलं कपाट घेतलं. मी तुम्हाला सांगणार होते की अशा क्लबांचे पैसे बंद करा. काल मला कळलं की ते कपाट घेणाऱ्या बाईंचं नाव मिसेस श्यामला दामले आहे. त्या माझ्या आत्या आहेत. त्यांनी मला वाढवलं. आणि त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत."

अडीचशे माना वळल्या. आत्या उठली. शाळेच्या किचनमध्ये इन्स्पेक्टर आला की उभी राहायची तशीच उभी राहिली.

मग देवयानीनं गार पाण्याचा नळ सांगितला. चाळीस पेडोमीटर सांगितले तेव्हा हॉल हसला, सुचेताच्या किटलीला मात्र कुणी हसलं नाही.

प्रश्नांच्या वेळी लाल स्वेटर घातलेल्या एका बाईनं हात वर केला. तिची बेकरी होती, असं तिनं आधीच सांगून टाकलं. "माझा प्रश्न उमेदवाराला नाही," ती म्हणाली. "मिसेस दामलेंना आहे. उद्या ही निवडून आली आणि तुमच्याच क्लबचे पैसे कापावे लागले, तर तुम्ही हिला मत द्याल?"

अध्यक्ष काही म्हणणार होते. आत्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

"आधी येऊन कपाट उघडून बघितलं, नळ सोडून बघितला, आणि मग कापले, तर देईन," ती तिच्या कॉव्हेंट्रीच्या इंग्रजीत म्हणाली. "न बघता कापले, तर माझ्या हातचं जेवलेली असली तरी देणार नाही. ही काल बघून गेलीय. हात लावून."

बेकरीवाली बाई खाली बसली आणि तिनंच पहिली टाळी वाजवली.

मतमोजणीला तास लागला. देवयानी सतरा मतांनी आली. लोक तिच्याभोवती गोळा झाले, कुणीतरी फोटो काढले, अध्यक्षांनी आडनावाचा नाद सोडून मिस देवयानी म्हणायला सुरुवात केली. त्या गर्दीतून वाट काढत ती आत्यापाशी आली, वाकून पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "आत्या, कपात. बघ, जमलं. रात्री प्रॅक्टिस केली."

"जमलं," आत्या म्हणाली. "पण इथे आता कपाटच म्हण. त्यांना तेवढंच लक्षात राहिलंय."

रघुवीर दारापासून तिथवर कसाबसा आला होता. दोन्ही हात खिशात, नजर छताकडे. मुलीकडे न बघताच तो बोलला.

"सतरा म्हणजे काही फार नाहीत. पण चांगलेच आहेत. माझं एक धरलं नसतं, तरी सोळांनी आलीच असतीस."

देवयानीनं वडिलांकडे बघितलं. आत्यानंही ऐकलं. भावाला या वेळी टोचायचं नाही एवढं तिला कळत होतं. तिनं पर्स उघडली, कपाटाची चावी काढली आणि देवयानीच्या मुठीत ठेवून मूठ बंद केली.